हुंकाऱ्याशिवाय पुढची ओळ नाही

माझं शिक्षण पत्रकांवर झालं. वडील प्रत्येक मोर्चातून उरलेला गठ्ठा घरी आणत. मागची कोरी बाजू माझ्या गणितांसाठी आणि पुढची बाजू वाचायला. त्यामुळे साहित्य म्हणजे चार लोकांना उभं करणारा कागद, असं माझं मत लहानपणीच पक्कं झालं. ते अजून बदललेलं नाही.

आमच्या भागात सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे एका वस्तीत असे कागद लिहिणारा एक माणूस होऊन गेला. त्याचं दोन खोल्यांचं घर पुढे स्मारक झालं. त्याचा पत्र्याचा भोंगा, चष्मा, छत्री आणि पत्रकांची ट्रंक, एवढंच तिथे होतं. त्याची मुलगी घर सांभाळायची. आम्ही सगळे तिला आत्या म्हणायचो. दर रविवारी ती दारात बसून बापाचं एक पत्रक वाचायची.

वाचायची रीत बापाने घातलेली होती. ऐकणाऱ्यांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे तो प्रत्येक ओळीनंतर थांबायचा. पटलं तर लोकांनी हुंकारा द्यायचा, नाही पटलं तर गप्प बसायचं. गप्प बसले की तो तीच ओळ दुसऱ्या शब्दांत सांगायचा. हुंकाऱ्याशिवाय पुढची ओळ नाही.

दोन हजारचं दशक सरत आलं तेव्हा छप्पर दुरुस्तीसाठी घर बंद झालं. पत्रे निघाले, दाराला कुलूप लागलं आणि सगळ्या वस्तू औंढ्याला समितीच्या नव्या हॉलमध्ये गेल्या. सांभाळायला म्हणून नेल्या होत्या, पण स्मारक समितीचे साहेब आता त्या तिथेच राहू द्याव्यात असं बोलू लागले. साहेब निवृत्त अधिकारी, माणूस सज्जन. हॉलमध्ये पंखे होते, फरशी होती, पार्किंग होतं. आत्याला जेवण जाईना.

मी तेव्हा औरंगाबादला शिकत होते. नेटचे डोंगल नुकतेच आले होते. घर बंद असलं तरी वाचन बंद पडू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. मैत्रिणीचा लॅपटॉप घेतला. आमच्या होस्टेलच्या मुली आणि हिंगोलीच्या एका नेट कॅफेत जमणारी चळवळीतली जुनी मंडळी यांना नेटवरून जोडायचं, असा बेत केला. साहेबांना मुद्दाम कॅफेत बोलावलं. ते येतो म्हणाले आणि वर एक प्रश्नही टाकला.

"नेटवर कुठूनही वाचता येतं ना? मग घर कशाला पाहिजे?"

मी त्यांना फक्त रविवारची वेळ सांगितली.

रविवारी मी वस्तीत पोचले. आत्या कुलूपबंद दारासमोर, नेहमीच्या पायरीवर बसली. मांडीवर तिच्याजवळ राहिलेलं एक पत्रक, पुढे स्टुलावर लॅपटॉप. आवाज घुमतो म्हणून मी हिंगोली आणि औरंगाबादचे माईक बंद करायला सांगितले होते. आत्याने पहिली ओळ वाचली आणि थांबली. मी पुढे वाच अशी खूण केली. ती हलली नाही.

"हुंकारा कुठंय?"

माईक बंद आहेत, पण लोक तिकडे ऐकतायत, असं मी समजावलं.

"मग मी कुनाला वाचून राहिले? ह्या डब्याला?"

मी घाईघाईने माईक चालू करायला लावले. हिंगोलीचा हुंकारा आला तो ओळ विसरायला होईल इतक्या उशिरा. त्याच्या मागून औरंगाबादचा, तोही घुमत. आत्या म्हणाली, तुझं औरंगाबाद जेवून निजलंय वाटतं. मग तिने पत्रक खाली ठेवलं, उठली आणि गल्लीत जाऊन हाका मारल्या.

बाया आल्या. एकीचे हात पिठाचे, दुसरीच्या कडेवर लेकरू. त्या मातीत बसल्या आणि आत्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ओळ, हुंकारा, ओळ, हुंकारा. लांबचे हुंकारे मागून रेंगाळत येत राहिले, पण आता ठेका वस्तीने धरला होता. मध्येच एक ओळ आत्याकडून सुटली. बाया एकदम गप्प झाल्या.

"काहून गप बसल्या गं?"

"धरनाचं न्हाई वाचलं तुमी," लेकरूवाली म्हणाली. "सासू रोज म्हनायची ते, पानी भरता भरता."

आत्याने कपाळाला हात लावला, मागे जाऊन ती ओळ वाचली आणि हुंकारा असा आला की स्पीकर खरखरला. कॅफेतली म्हातारी माणसं हसलेली मला लॅपटॉपवरून ऐकू आली.

वाचन संपल्यावर साहेबांचा फोन आला. त्या बाया कोण, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, शेजारी.

"त्यांना हॉलमध्ये आणता येईल का?"

"येईल की साहेब," मी म्हणाले. "पण पानी भरायला त्या इथंच येणार."

छप्पर झालं त्या आठवड्यात साहेबांनी वस्तू टेम्पोने परत पाठवल्या. आत्याने भोंगा स्वतः पुसून खिळ्यावर लावला आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली. हॉल वाईट नव्हता. तिथे आता लग्नं होतात, आणि ते योग्यच आहे.

घर उघडल्यावरच्या पहिल्या वाचनाला साहेब आले आणि मागे भिंतीला टेकून उभे राहिले. पहिली ओळ अशी होती, की गरिबाविषयी बोलायचं तर त्याच्या दारात बसून बोलावं. बायांनी हुंकारा दिला. आत्या पुढे वाचेना. ती चष्म्यावरून साहेबांकडे बघत बसली.

साहेबांनी बूट काढले, मातीत बसले आणि हुंकारा दिला. आत्याने दुसरी ओळ घेतली.