शेततळं, खोली एकतीस फूट

गेल्या वर्षीची बारा मार्च. रक्कम चाळीस हजार, रोख. हजर तिघं: मुरुमाचा ठेकेदार, आमच्या गावचा तलाठी आणि मी. जागा करमाडच्या पुढचं माझं दोन एकरांचं माळरान.

मी शहरात नोकरी करतो. त्या माळावर काही पिकत नव्हतं आणि ठेकेदाराला भरावासाठी मुरूम हवा होता. खदान म्हटलं की परवाना आला, रॉयल्टी आली. म्हणून कागदावर ‘शेततळे’ लिहिलं: शंभर फूट लांब, शंभर रुंद, दहा खोल, बाजूंना उतार. म्हणजे शंभर घनफुटांचा एक ब्रास धरून एक हजार ब्रासच्या आतच. तलाठ्याचं पाकीट ठेकेदारानं माझ्यासमोरच दिलं. मी माझ्या नोटा दोनदा मोजल्या आणि सही केली.

मे महिन्यात मी खोली मोजली. फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी, टोकाला दगड. दोरी मी सोडत होतो, गाठी मेंढपाळ मामा मोजत होते. वडिलांच्या काळापासून उन्हाळ्यात ते आमच्या खालच्या वावरात मेंढ्या बसवायचे. लेंडीखत आम्हाला, रात्रीमागं पाचशे रुपये त्यांना. त्या वर्षी चार रात्री बसवल्या होत्या, पैसे द्यायचे राहिले होते.

एकतीस गाठी भरल्या. कडा भिंतीसारख्या सरळ.

“ह्ये तळं व्हय?” मामा म्हणाले. “आपलं देऊळ बसंल की ह्याच्यात, कळसासकट.”

मी ठेकेदाराला फोन लावला. तो हसला. “दादा, एकवीस फूट फुकटात खोदून दिलं, वर तक्रार? पाणी जास्त साचंल.”

मी मनात गुणाकार केला, तीन हजार शंभर ब्रास, आणि फोन ठेवला.

ऑगस्टपर्यंत खड्डा निम्मा भरला. एका दुपारी मामांच्या पुढच्या मेंढीला पाणी दिसलं. ती माळाच्या नेहमीच्या उतारानं निघाली, पण खड्ड्यापाशी उतार राहिलाच नव्हता. मेंढरं एकीमागं एक जातात. साठातली तेवीस गेली.

पंचनाम्याला तोच तलाठी आला. पेन थांबवून त्यानं माझ्याकडं बघितलं. “शेततळंच लिहू ना?”

खदान लिहिलं असतं तर ठेकेदाराकडून भरपाई मागता आली असती, आणि माझी सहीही उघडी पडली असती. तळं लिहिलं तर चूक मेंढपाळाची.

“कागदावर आहे तेच लिहा,” मी म्हणालो.

मामा भांडले नाहीत. “भाऊ, गाठी म्या मोजल्या व्हत्या,” एवढंच म्हणाले.

उरलेली सदतीस मेंढरं त्यांनी दिवाळीआधी विकली. आता ते चितेगावात एका कंपनीच्या गेटवर बसतात. आमच्या शिवारात अशी सात शेततळी झाली. एकाच्याही पाण्यावर पीक निघत नाही. खालच्या वावरात यंदा खत विकत आणून टाकलं.

चाळीस हजार तसेच कपाटात होते. ते घेऊन मी चितेगावला गेलो. मामांनी पाकिटाला हात लावला नाही.

“ह्ये मुरमाचं. माझं ह्यात काय नाय.”

“मामा, मेंढरांचे समजा.”

“मेंढरं तळ्यात बुडाली. तुमीच लिवलंय.” मग म्हणाले, “चार रात्रीचं ऱ्हायलंय, तेवढं द्या.”

दिले ते एवढेच: दोन हजार रुपये, मेंढ्या बसवल्याचे, मामांना.