वानरानं फाडलेले फॉर्म

नैसर्गिक संसाधनांच्या अर्थशास्त्रात पीएचडी करते, म्हणजे नेमकं काय करते, हे मला घरी कधी नीट सांगता आलं नाही. आई शेजारणीला म्हणाली, "पोरगी झाडा-जनावरांचा हिशोब शिकून राहिली." माझ्या गाईडनाही इतकी सोपी व्याख्या जमली नव्हती.

पहिल्या सर्वेक्षणाला काटोलकडच्या एका गावात गेले. जंगलाला लागून संत्र्याच्या बागा. वानरांपासून बाग राखण्यात लोकांचा किती वेळ जातो, ते विचारायचं होतं. पारावरच्या पुरुषांनी चहा पाजला आणि राखणीच्या रकान्यात एकजात शून्य लिहायला लावलं. "राखण कायची? मारतो एखादी चक्कर." दुपारपर्यंत फॉर्मांचा गठ्ठा झाला. मी खूश!

पारावरच्याच एकाची बायको मला बागेत भेटली. पन्नाशीच्या मावशी, हातात गोफण. त्यांनाही तेच विचारलं.

"काहून वं, लिहून काय समजते? बस इथं. मी भाकरी टाकून येते."

गोफण माझ्या हाती देऊन त्या गेल्या. थोड्याच वेळात वानरांची टोळी आली. मी गोफण गरगर फिरवली. दगड मागच्या मागे सुटला आणि पाण्याच्या ड्रमवर धाणकन आदळला. वानरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निवांत संत्री सोलायला घेतली. एक थोराड हुप्प्या तर माझी पिशवीच घेऊन फांदीवर चढला. आतले फॉर्म एकेक करून फाडू लागला. मी खालून ओरडत होते, जवळजवळ रडतच.

मावशी धावत आल्या, एका दगडात त्याला पळवलं आणि हसत बांधावर बसल्या. "एका घंट्यात हे हाल? मी तं सकायपासून दिवस बुडेस्तोवर हेच करून राहिली."

"पण तुमचे मालक तर शून्य तास म्हणाले."

"त्याईचे शून्यच हायेत. खोटं नाई सांगतलं त्याईनं."

मी फाटलेले कागद गोळा केले. दुसऱ्या दिवशी पार टाळून थेट बागांमध्ये गेले. जिथं तिथं राखणीला बाईच होती, आणि कुणाचंही उत्तर शून्य नव्हतं.

नागपूरला परतल्यावर बागांमधले नवे फॉर्म चाळत गाईडनी विचारलं, "आधीचे फॉर्म कुठे आहेत?"

"वानरानं फाडले, सर."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "इतक्या वर्षांत ही सबब पहिल्यांदाच ऐकतोय," ते म्हणाले, आणि बायकांच्या राखणीचं वेगळं प्रकरण लिहायला सांगितलं.