आत्याबाईंचं ताट

उभ्या बुलढाणा जिल्ह्यात माणसानं बेशुद्ध पडावं तर आमच्या आत्याबाईंच्या समोर. शुद्धीवर असेल तर मात्र त्यांच्यापासून चार हात लांबच राहावं. आत्याबाई म्हणजे माझ्या बायकोची सख्खी आत्या. जळगाव जामोदच्या एका दवाखान्यात मोठी सिस्टर म्हणून त्यांची सारी नोकरी गेली. त्यांच्या पाया पडायला वाकलं की आशीर्वादाचा हात डोक्यावर येत नाही, मनगटावर येतो. नाडी मनासारखी लागेपर्यंत आपण कमरेत वाकलेलेच! मग निकाल: "जवाईबापू, चहा कमी करा." झाला आशीर्वाद. लग्नात सगळा मांडव नवरीचा शालू पाहत असतो, आत्याबाई नवरदेवाची छाती वरखाली होते की नाही ते पाहतात. सुलतानपूरच्या एका लग्नात तर ऐन मंगलाष्टकात पुढे होऊन त्यांनी नवरदेवाच्या शेरवानीची वरची बटणं काढली. "याले जरा वारा घेऊ द्या, मंग तुमचं सावधान चालू द्या," असं भटजींना बजावलं. वरमाय फुगून बसली. नवरदेव मात्र अजून दर दिवाळीला आत्याबाईंना फोन करतो.

दवाखान्यात त्यांचं राज्य एका स्टीलच्या ताटावर चालायचं. वॉर्डाच्या दाराशी दोरीनं ताट टांगलेलं, शेजारी पळी. बेल लावली होती, पण ती वीज असली तरच वाजणार, आणि आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी येते. रोगी घाबरा झाला, घाम फुटला, नुसता 'वेगळा' दिसला, तरी ताट वाजवायचं. ते ऐकलं की ठरलेल्या माणसांनी हातातलं काम टाकून धावायचं: डॉक्टर, दोन सिस्टर, ऑक्सिजनवाला. ताट वाजवायला कुणाची परवानगी लागत नसे, रोग्याच्या नातेवाइकालाही नाही. "आधी धावा, मंग इचारा," एवढाच कायदा. एका म्हाताऱ्यानं चहा आला नाही म्हणून ताट बडवलं. सगळे धापा टाकत हजर! तरुण डॉक्टर चिडले, तर आत्याबाईंनी त्यांनाच गप्प केलं आणि म्हाताऱ्याला स्वतः चहा आणून दिला. "बरं केलं बाबा, वाजवलं," म्हणाल्या. त्यांचा डबा द्यायला गेलेला मी हसलो, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आज याले बोललो, तर उद्या खरंच जीव घाबरला तं हात आखडन त्याचा." नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या गावी, एक बाळंतीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. डॉक्टर रागावतील म्हणून सगळ्या जणी बोलावू की नको करत बसल्या होत्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि लगेच माझी नाडी पाहिली.

या कायद्याची तालीम म्हणजे सगळ्या गावाची करमणूक. आत्याबाई स्वतःच कुठंही कोसळायच्या. जिन्यात, धोब्याच्या गाठोड्यावर, एकदा तर आमच्या घरी वास्तुशांतीच्या पंगतीत जिलबीच्या ताटाशेजारी. डोळे मिटून पडायच्या आणि कोण धावतं ते एका डोळ्यानं बघायच्या. पाहुणे किंचाळले की उठून म्हणायच्या, "काऊन ओरडून राह्यले? ओरडून कोनी वाचते का?"

त्यांच्या निरोपसमारंभाला दवाखान्याच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. शाल-श्रीफळ झालं आणि मी बोलायला उभा राहिलो. मास्तर माणूस, माईक हाती आला की सोडवत नाही. भाषण ऐन रंगात आलं आणि आत्याबाईंची मान छातीवर कलली. श्रीफळ गडगडत माझ्या पायाशी आलं. अंगणात हशा पिकला. मला तर असा राग आला! माझ्याच भाषणात बरी सुचली यांना तालीम! तेवढ्यात ताट वाजलं. माझी बायको दाराशी उभी राहून पळीनं ते बडवत होती. लोक हसतच होते, पण ठरलेली माणसं ठरल्यासारखी धावली. कुणी खुर्ची सरकवली, कुणी आत्याबाईंना सतरंजीवर आडवं केलं. मग एका सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. "नाडी नाही लागत, सर." डॉक्टरांनी छातीवर दोन्ही हात रोवले. झटका द्यायचं यंत्र आलं. हसू कुठल्या कुठे गेलं. माईक माझ्या हातात तसाच राहिला, आणि मी देवाला काय काय कबूल केलं ते देवालाच ठाऊक. दुसऱ्या झटक्यानंतर आत्याबाईंनी मोठा श्वास घेतला. त्यासरशी मी माईकमध्येच ढसाढसा रडलो आणि ते सगळ्या गावानं ऐकलं.

अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात जरा बोलू लागल्यावर त्यांचा पहिला प्रश्न: "ताट कोनं वाजवलं?"

"मी," बायको म्हणाली. "खरं सांगू आत्या? मले वाटलं तू नाटक करून राह्यली."

"मंग काऊन वाजवलं?"

"तूच तं म्हनते, आधी वाजवा."

डॉक्टरांनाही ती तालीमच वाटली होती, ऑक्सिजनवाल्यालाही. खोटं आहे असं समजून सगळे खऱ्यासारखे धावले होते. आत्याबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "ऑक्सिजन आनाले वेळच लावला असन त्यानं."

आता त्या घरीच असतात. घर दवाखान्याच्या समोरच. परवा पाया पडायला वाकलो, त्यांनी मनगट धरलं आणि तेवढ्यात समोरून ताट वाजलं. त्यांची बोटं एकदम घट्ट झाली, पाय चपला शोधू लागले.

"आत्याबाई, बसा. डॉक्टरांनी धावायची मनाई केलीय ना तुम्हाला?"

"हाव, ठाऊक हाये मले."

एक पाय चपलेत गेला होता, तो तसाच राहिला. समोरच्या ओसरीवरून धावत्या पावलांचा आवाज आला. डोळे मिटून त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

"धावून राह्यले," त्या हळूच म्हणाल्या.

माझं मनगट सोडायचं त्या विसरल्या होत्या. मीही तसाच वाकून उभा राहिलो.