प्रभाताई एकट्याच क्रीटला गेल्या

जर्मनीत इंगोलश्टाटला मुलाकडे आलेल्या प्रभाताईंना आल्प्सचं फारसं आकर्षण नव्हतं. त्यांना क्रीट बेटावर जायचं होतं. मिरजेच्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म इतिहास शिकवला होता. सिंधू संस्कृतीची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही, हे सांगून झालं की त्या पुढे हमखास म्हणायच्या, "तिकडे भूमध्य समुद्रात क्रीट नावाचं बेट आहे. तिथे मातीची एक गोल चकती सापडली. तीही कोणाला वाचता येत नाही." त्या चकतीचा एक काळपट फोटो त्यांनी कुठल्याशा पुस्तकात पाहिला होता, तेवढाच.

शुभाने, म्हणजे त्यांच्या सुनेने, सहल ठरवली. ज्येष्ठ जर्मन प्रवाशांच्या एका छोट्या गटाबरोबर दोघींनी जायचं. क्नॉसॉसचा राजवाडा, मग हेराक्लिओनचं संग्रहालय आणि शेवटी चकती जिथे सापडली ते फैस्टोस. शुभाचा नवरा श्यामकांत त्या आठवड्यात कामासाठी ड्युसेलडॉर्फला असणार होता. त्यांच्या लहानग्या मुलीला, ईप्सिताला, शुभाच्या मैत्रिणीकडे ठेवायचं होतं.

पण निघायच्या आदल्या दिवशी ईप्सिताच्या पोटावर पाणीदार फोड दिसले. डॉक्टरीणबाईंनी एका नजरेत सांगितलं, विंडपोकन. कांजिण्या.

"अहो आई, पुढच्या वर्षी जाऊ," शुभा म्हणाली.

"पुढच्या वर्षी मला चालवेल कशावरून?" प्रभाताई शांतपणे म्हणाल्या. "मी गटाबरोबर जाते. मोडकंतोडकं इंग्रजी येतं की मला."

त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती. जर्मनचा एक शब्द येत नव्हता. तरी शुभाला नाही म्हणवेना. रात्री फोनवर श्यामकांतने एवढंच विचारलं, "तू हो म्हणालीस?" ते वाक्य शुभाच्या मनात रुतून बसलं.

पहिल्या संध्याकाळी बंदरावरच्या जुन्या किल्ल्याचा फोटो आला. दुसऱ्या दिवशी क्नॉसॉस. जेवणाच्या वेळी फोन करायचा, असं ठरलं होतं. फोन आला नाही. शुभाने लावला, तर नुसती रिंग वाजत राहिली. ईप्सिताच्या पाठीला लोशन लावता लावता ती पुन्हा पुन्हा लावत होती.

"मामा, वास इस्ट डेन?" आई, काय झालं, असं ईप्सिता जर्मनमध्ये विचारत होती.

"काही नाही. हात लावू नकोस फोडांना."

शेवटी तिने गटाच्या गाइडला फोन केला. त्या बाई धापा टाकत बोलत होत्या. गट बसमध्ये येऊन बसला, तेव्हा प्रभाताई त्यात नव्हत्या. त्यांची पिशवी सीटवर होती आणि फोन पिशवीत. बाकीच्यांना हॉटेलवर पाठवून गाइडबाई स्वतः पहारेकऱ्यांबरोबर राजवाड्यात शोधत होत्या.

शुभाने कॉम्प्युटरवर क्नॉसॉसचे फोटो उघडले. लाल खांब, एकावर एक गच्च्या, उघडे जिने, कित्येक ठिकाणी कठडाच नाही. ऊन तर भाजून काढणारं असणार. तिची नजर एका फोटोतल्या दगडी जिन्यावरून हटेना. शेवटी तिने श्यामकांतला कळवलं. त्याने गाइडचा नंबर लिहून घेतला. मग म्हणाला, "मी विमान बघतो."

त्यानंतरचा वेळ शुभाने कसा काढला, ते तिलाही नीट सांगता येत नाही. वरणाला फोडणी द्यायला घेतली आणि तेल जाळून टाकलं. ईप्सिता ताप उतरून झोपली, तरी ती तिचं कपाळ चाचपत राहिली.

फोन आला तो अनोळखी ग्रीक नंबरवरून.

"शुभा, मी बरी आहे."

सिंहासनाच्या दालनापाशी रांगेत उभं असताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. हवा लागावी म्हणून त्या दिसेल त्या दाराने बाहेर पडल्या, तर दार भलतंच निघालं. रस्त्यापलीकडच्या खाणावळीतल्या बाईने त्यांना आत सावलीत बसवलं, लिंबूपाणी दिलं. शुभाचा नंबर कमरेच्या बटव्यातल्या चिठ्ठीवर होता.

"मग इतका वेळ फोन का नाही केलात?"

पलीकडे खाणावळीतली भांडी वाजत होती.

"केला असता, तर तू परत ये म्हणाली असतीस," प्रभाताई म्हणाल्या. "संग्रहालय उद्या आहे."

शुभाला रडू आलं आणि रागही आला. लोक तुम्हाला शोधतायत, तुमचा मुलगा विमान बघतोय, हे ती बोलली. जरा तोडूनच बोलली. मग तिने गाइडला खाणावळीचं कळवलं, आणि त्यांनी प्रभाताईंना हॉटेलवर नेलं.

श्यामकांतचं म्हणणं, आईने मिळेल त्या विमानाने परत यावं. शुभा म्हणाली, आधी डॉक्टर बघू देत. हॉटेलवर डॉक्टर आले. रक्तदाब ठीक होता. ऊन आणि पोटात पाणी नसणं, एवढंच कारण त्यांनी सांगितलं. "राहू दे त्यांना," शुभाने नवऱ्याला सांगितलं. उद्या काही झालं, तर हे आयुष्यभर आपल्या नावावर राहील, हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने फोन हातातून खाली ठेवला नाही. दुपारी प्रभाताईंचा व्हिडिओ कॉल आला. काचेच्या पेटीत ती चकती उभी होती, मातीची, ताटलीपेक्षा लहान. चित्रं गोल गोल फिरत आत मध्यापर्यंत गेलेली.

"दोन्ही बाजूंना लिहिलंय गं," प्रभाताई हळू आवाजात म्हणाल्या. "मला एकच बाजू माहीत होती."

मग त्यांनी फोन चकतीकडेच धरून ठेवला. फैस्टोसला मात्र त्या गेल्या नाहीत. अंगात त्राण नाही, असं त्यांनी आपणहून गाइडला सांगितलं आणि हॉटेलवर पडून राहिल्या.

म्युनिकच्या विमानतळावर श्यामकांत त्यांना घ्यायला गेला. त्या वाळल्यासारख्या दिसत होत्या. घरी आल्यावर शुभाने चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "आई, खरं सांगा, भीती नाही वाटली?"

"सगळा वेळ वाटत होती," प्रभाताई म्हणाल्या. "हॉटेलात दाराला आतून खुर्ची लावून झोपायचे. दालनापाशी अंधारी आली, तेव्हा वाटलं, संपलं आता."

श्यामकांत दारात उभा होता. तो आत आला आणि आईजवळ बसला. तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "फोन करायचा होतास गं."

"हो," त्या म्हणाल्या. "करायला हवा होता."