मराठीतला यार

यतीन नोएडाच्या स्टुडिओत एका रोजच्या हिंदी मालिकेत मोठ्या भावाचं काम करायचा. तिथले सेट मी उभारायचो. सुतारकाम. नव्या चॅनेलांचे दिवस होते. सकाळी ठोकलेली भिंत संध्याकाळी निघायची. यतीन मेहनती. नुसतं दार उघडून आत यायचं असलं तरी आधी येऊन कडी चाचपून बघायचा.

वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे तो दिल्लीतच वाढला. गाझियाबादला महेशबरोबर राहायचा. महेश तिथल्याच एका कारखान्यात होता. युनिटला कळत होतं, विचारत कोणी नव्हतं. बोललं की काम जातं, आणि तेव्हा कायदाही विरुद्ध होता.

गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळाने यतीनचा सत्कार ठेवला. माइक मंडळाच्या कुमुदताईंकडे.

"आणि सोबत कोणाला आणलंय?"

"हा महेश. माझा यार."

खुसखुस झाली. दिल्लीत यार म्हणजे दोस्त, उठता-बसता तोंडी येतो. मराठीत अमकीचा यार म्हटलं की लोक माना खाली घालतात. कुमुदताईंनी सावरलं, "दिल्लीची पोरं ही. हिंदी घुसतंच मध्ये. दोस्त म्हणायचंय त्याला."

यतीनने माइक मागून घेतला. "नाही ताई. मराठीतलाच."

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली दोन माणसं उठून गेली.

सोमवारी गोष्ट स्टुडिओत पोचली. मी चौकटीला बिजागरी बसवत होतो, तिथेच निर्मात्याने त्याला गाठलं.

"यार ही बोला था ना? तो दोस्त हुआ. शाम को चॅनेलवाली मॅडम पूछेंगी, दोस्त बोल देना. बात खतम."

यतीन जेवला नाही. मेकअपमधून घाम फुटत होता. माझ्याजवळ येऊन बसला.

"काका, महेशच्या कारखान्यात कळलं तर? वाटेत कोणी त्याला धरलं तर?"

"मग दोस्त म्हणून टाक."

"आणि घरी जाऊन त्याला काय सांगू?"

मी बिजागरीचा स्क्रू पिळत राहिलो.

संध्याकाळी मॅडम आल्या, त्यांनी विचारलं. यतीनने एकही शब्द गिळला नाही. "दोस्त नहीं, मॅडम. हम साथ रहते हैं. घर है हमारा."

मॅडमनी चहा संपवला. "काम अच्छा करते हो," म्हणाल्या आणि गेल्या.

त्याच आठवड्यात मोठा भाऊ अमेरिकेला निघाला. मालिकेत नको झालेला माणूस तिकडेच जातो. शेवटच्या सीनमधली बॅग रिकामी होती. रिकामी बॅग जड दाखवायला कष्ट पडतात. हाताच्या आधी खांदा खाली गेला पाहिजे. यतीनचा गेला. एका टेकमध्ये झालं. माझ्या दारातून तो बाहेर पडला. दारामागे बांबू आणि वायरी, दुसरं काही नसतं.

मेकअप पुसल्यावर म्हणाला, "काका, गेटपर्यंत चला ना."

गेटवरच्या गार्डने लांबूनच हाक दिली, "साहब, आपका यार आया है."

यतीन जागीच थांबला. त्याने माझी बाही धरली. गार्डच्या चेहऱ्यावर काही दिसेना. बाहेर महेश स्कूटर चालूच ठेवून उभा होता, हेल्मेट न काढता.

"कोणता म्हणाला हो तो, काका? हिंदीतला की मराठीतला?"

मी पुन्हा गार्डकडे बघितलं.

"हां भैया," यतीन गार्डला म्हणाला, "मेरा ही है." आणि माझी बाही न सोडता गेटबाहेर पडला.