आधी विचार, मग धावपळ

गल्लीत त्यांना सगळे हॅलोबाई म्हणायचे. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली, तेव्हापासूनचं हे नाव. सुरुवातीच्या काळात समोर भोकाभोकांचा भिंतभर बोर्ड, हातात वायरी, कानावर हेडफोन आणि एकाच वेळी बारा माणसं घाईत. कुणाच्या घरी आजारपण, कुणाचा माल अडकलेला, कुणाला नुसतंच भांडायचं. बाई एकाला "धरा हं जरा" म्हणत, दुसऱ्याला जोडून देत, तिसऱ्याला दटावत आणि तोंडातली खोकल्याची गोळी इकडची तिकडे होऊ देत नसत. पुढे बोर्ड गेला, यंत्रं आली आणि त्यांना चौकशीच्या टेबलावर बसवलं. तिथं "तो उंच माणूस हो, लाकडाचं दुकान आहे त्याचं," एवढ्यावरून त्या माणूस हुडकून काढायच्या.

नवरा अगदी उलट. जमीन मोजणी खात्यात सर्व्हेअर. एका हद्दीसाठी दोन-दोन दिवस उन्हात दुर्बिणीला डोळा लावून उभे राहणार आणि मग कागदावर एकच रेघ ओढणार. लोक त्यांना मोजणीसाहेब म्हणत. बोलणंही मोजूनमापून. "अजून वाढू का?" या प्रश्नालासुद्धा आधी ताटाकडे बघून अंदाज घेऊन मग उत्तर. "आमच्या ह्यांनी लग्नाला हो म्हणायला अकरा दिवस घेतले," बाई सांगायच्या. "मी म्हटलं, हा माणूस मला पसंत करतोय की मोजतोय?"

निवृत्त झाल्यावर साहेबांना कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचा नाद लागला. जुन्या काळचं राज्य चालवायचं, रस्ते बांधायचे, किल्ल्यांत धान्य भरायचं, शेजारच्या राजाशी तह करायचा किंवा मोडायचा. बाई त्या खेळाला "माझी सवत" म्हणायच्या. जेवायला हाक मारली की आतून आवाज यायचा, "आलो, एवढी खिंड घेतो." खिंड हाती येईपर्यंत ताटातलं सगळं गार.

एका सकाळी दाढी करताना साहेबांच्या हातातला ब्रश बेसिनमध्ये पडला. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला, पण हात वर येईना. बाई धावत आल्या तेव्हा अर्ध्या गालावर फेस तसाच होता आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये गेले. उजवा पाय सावरला, पण उजवा हात लुळाच राहिला आणि शब्दांनी दगा दिला. मनात एक असायचं, ओठांवर भलतंच यायचं. पाणी हवं असलं की "खुर्ची" म्हणायचे आणि समोरच्याचा चेहरा बघून ओशाळायचे. मुळातच कमी बोलणारा माणूस, तो आता बोलेनासाच झाला. वाचा सुधारायला एक बाई घरी येत. त्या चित्रांची कार्डं पुढे धरायच्या, मांजर, छत्री, चमचा. साहेब तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसायचे. ज्यांनी डोंगरच्या डोंगर कागदावर उतरवले त्यांना आता चमचा ओळखून दाखवायचा होता. हॅलोबाईंना नवऱ्याचं मन कळत होतं, पण इलाज सुचत नव्हता.

त्यात कॉम्प्युटरनंही मान टाकली. कॉम्प्युटरवाले पन्नाशीचे गृहस्थ, गळ्यात चष्मा, खिशात चार-पाच स्क्रू-ड्रायव्हर. त्यांनी यंत्र उघडून बघितलं आणि मान हलवली. "आतली डिस्क गेली. नवी बसवतो. पण साहेबांचा तो खेळ आता चालायचा नाही, फार जुना झाला."

बाईंनी हे साहेबांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. सवत गेल्याचं दुःख आपल्याला इतकं होईल, असं बाईंना कधी वाटलं नव्हतं.

"अहो, दुसरा आणू," त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "तसाच. पण तसाच म्हणजे कसा, ते तर सांगा."

साहेबांनी बराच वेळ घेतला. कपाळाला घाम आला. "आधी," ते म्हणाले, "आधी... विचार. मग..." डावा हात हवेत भराभरा हलला. "धावपळ."

एवढं भांडवल घेऊन बाई दुकानात गेल्या. कॉम्प्युटरवाल्यांनी मोठ्या हौसेनं एक खेळ घालून दिला. घरी येऊन लावला तर उघडल्या उघडल्या ठो ठो सुरू. साहेब दचकले, बाईंनी घाबरून सरळ वायरच उपटली. दुसरा खेळ अगदी शांत, चौकटींचा. आपली पाळी, मग शत्रूची पाळी, पुन्हा आपली. दोन सैन्यं भेटली की दोन आकडे चमकायचे आणि त्यातला एक नाहीसा व्हायचा. साहेबांनी तो दोन दिवस खेळून बघितला आणि म्हणाले, "गणित." शब्द अगदी बरोबर निघाला होता, पण खूश होऊन म्हटलेला नव्हता. तिसऱ्यात राज्य होतं, किल्ले होते, सगळं होतं, पण घड्याळ थांबतच नव्हतं. साहेब विहीर कुठं खणावी याचा विचार करीत असतानाच शत्रूनं गाव जाळून टाकलं.

"आई, इंटरनेटवर शोध ना," परगावी राहणारी मुलगी फोनवर म्हणाली.

"काय शोधायचं तेच धड सांगता येत नाही गं. यंत्राला अर्धवट विचारलं तर ते अर्धवटच सांगतं. माणसाला कळतं."

आणि बाईंनी ठरवलं, आपल्याला जे येतं ते करायचं. दुपारी दोन वाजता वही-पेन्सिल घेऊन त्या फोनपाशी बसल्या. मुलीकडून तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा नंबर घेतला. मैत्रिणीचा भाऊ असले खेळ खेळायचा, पण तो निघाला गोळीबारवाला. त्यानं त्याच्या जुन्या घरमालकाचं नाव सांगितलं, घरमालकांनी त्यांच्या मेहुण्याचं. मेहुणे म्हणाले, "मी नाही हो, पण आमचे दातांचे डॉक्टर! दाढ काढताना मला हत्तींचं सैन्य कसं अडवायचं ते सांगत होते." बाईंनी 'दाढ, हत्ती' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

पाचला दहा कमी असताना डॉक्टर फोनवर आले.

"नमस्कार. मला एक खेळ हवाय. राजामहाराजांच्या काळातला. आधी विचार, मग धावपळ."

पलीकडे डॉक्टर कुणाला तरी म्हणाले, "तुम्ही चूळ भरा, मी आलोच." आणि फोनवर, "बाई, अख्ख्या जगात असे मोजकेच खेळ आहेत, आणि तुम्ही ते चार शब्दांत सांगितलेत. नकाशावर पाळीपाळीनं चालायचं, बरोबर? एका पाळीत एक हंगाम. हवा तेवढा वेळ घ्या, कुणी हाकलत नाही. आणि दोन सैन्यं समोरासमोर आली की मैदान उघडतं आणि सगळं खरोखरीच्या वेळेत पळायला लागतं."

"हेच, हेच! पण डॉक्टर, आमच्या ह्यांचा उजवा हात चालत नाही. शब्दही अडकतात. ती पळापळ झेपेल का?"

"एक आहे," डॉक्टर सावकाश म्हणाले. "डोंगरी राज्यांचा खेळ. त्यात ऐन लढाईत कीबोर्डवरचं खालचं लांब बटण दाबलं की सगळे जागच्या जागी थांबतात. घोडे, बाण, सगळं. हुकूम द्या, पुन्हा चालू करा."

"लढाई धरून ठेवता येते?"

"हवा तितका वेळ."

बाईंनी नाव लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं आणि सवयीनं "कॉल पूर्ण झाला" म्हणून फोन ठेवला.

कॉम्प्युटरवाल्यांनी खेळ आणून बसवून दिला. साहेब डाव्या हातानं माऊस धरून नकाशावर फिरू लागले. एका पाळीला पाऊण तास. पण तिथं उशिरानं कुणाचं अडत होतं? त्यांनी नदीकाठानं रस्ता काढला, दोन घाटांच्या मधोमध चौकी बसवली. बाई दारातून बघत होत्या. महिन्याभरात त्यांनी नवऱ्याची पाठ इतकी ताठ बघितली नव्हती.

चौथ्या दिवशी लढाई आली आणि चार मिनिटांत संपली. साहेबांचा डावा हात बटणापर्यंत जायचा तोवर माऊस सुटायचा, माऊस धरेपर्यंत घोडदळ भलतीकडे गेलेलं. पडद्यावर त्यांचा सेनापती पडला.

"बंद," साहेब म्हणाले. आवाज फुटका होता.

"बंद कशाला? सरका जरा," बाई म्हणाल्या आणि खुर्ची लावून बसल्या. "मला पळापळ येते. तुम्ही विचार करा."

पुढच्या लढाईत बाईंनी कीबोर्डवर दोन्ही हात ठेवले. एकवीस तुकड्या एकदम हुकमाची वाट बघत होत्या, त्यांना ते ओळखीचंच वाटलं. पण तुकडी कोणती आणि शत्रू कोणता, हे कुठं ठाऊक होतं! त्यांनी मोठ्या तडफेनं हत्ती सोडले. हत्ती वळले आणि आपल्याच धनुर्धरांना तुडवत, आपलाच तंबू पाडत, थेट नदीत जाऊन उभे राहिले.

"अरे देवा! अहो, हे आपले होते का?"

शेजारून एक विचित्र आवाज आला. बाईंनी घाबरून वळून बघितलं. साहेब हसत होते. वाकडं तोंड, डोळ्यांत पाणी, डाव्या हातानं टेबल बडवत हसत होते. बाईंनी लांब बटण दाबून अख्खी लढाई थांबवली आणि आधी ते हसणं पोटभर बघून घेतलं.

त्यानंतर सकाळचा चहा झाला की दोघं बसू लागले. नकाशा साहेबांचा, मैदान बाईंचं. भांडणंही व्हायची. एकही तुकडी ताटकळत ठेवणं बाईंना पटायचं नाही. साहेबांचं म्हणणं, राखीव फौज थांबवायचीच असते. "राखीव! राखीव!" ते ओरडायचे, आणि बाई म्हणायच्या, "केव्हाची बिचारी उभी आहेत हो!" लढाईत शब्द लागायचे आणि तेही लगेच लागायचे. डावीकडे, टेकडीमागून, पूल सोडू नका. सुरुवातीला "पूल"च्या जागी "उशी" यायचं. बाई लढाई थांबवायच्या, पुढं काही सुचवायच्या नाहीत, नुसत्या बघत बसायच्या. साहेब शब्दाशी झटायचे. "उ... नाही. पू... पूल!" मग लढाई सुटायची.

वाचावाल्या बाईंनी एक दिवस हे सगळं बघितलं आणि चित्रांची कार्डं पिशवीत घातली. "चालू द्या तुमचं," त्या म्हणाल्या. "मी शेजारी बसून ऐकते."

हात काही सुधारला नाही. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं. पण शब्द एकेक करून परत येत राहिले, काही लंगडत, काही चालत. कॉम्प्युटरवाले अधूनमधून काही दुरुस्ती नसतानाही डोकावायचे आणि "राजधानी कुठवर आली?" विचारून जायचे. दातांचे डॉक्टर रविवारी फोन करायचे. त्यांनी साहेबांची एक मोहीम ऐकली आणि म्हणाले, "घाट असा बांधायचं मला कधी सुचलं नसतं." त्या दिवशी साहेबांनी गल्लीत तीन चकरा जास्त मारल्या.

आठव्या महिन्यात एका सकाळी मुलीचा फोन आला. बाईंच्या दोन्ही हातांत काम होतं, म्हणून फोन साहेबांनी घेतला. इतके महिने ते फोन टाळत आले होते. समोरचा माणूस दिसत नाही, खुणा करता येत नाहीत.

"बाबा?" मुलगी चकित होऊन म्हणाली. "आई कुठंय?"

साहेबांनी पडद्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, सावकाश अंदाज घेतला.

"तुझी आई वेढ्यात अडकली आहे," ते म्हणाले. "अर्ध्या तासानं फोन कर."

पलीकडे मुलगी हसता हसता रडू लागली की रडता रडता हसू लागली, ते साहेबांना नीट कळलं नाही. त्यांनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. इकडे बाई ओरडत होत्या, "अहो, ठेवा तो फोन! उत्तरेचा दरवाजा पडतोय!"

"राखीव फौज सोड," साहेब म्हणाले.

"आता? आता सोडू?"

"आता," ते म्हणाले, आणि बाईंनी सोडली.