वच्छलेच्या नावाची मरळ

त्या सकाळी आजी ओसरीवर बसून वच्छलेच्या डोक्यातल्या उवा काढत होती. चुलीवर आंबील रटरटत होती. अंगणात आम्ही बाकीची सात पोरं झिंगे निवडत होतो, म्हणजे निवडण्याच्या नावाखाली एकमेकांच्या अंगावर फेकत होतो. मोठी माणसं, माझ्या आईसकट, पहाटेच तलावावर गेली होती. मासोळीच्या वासानं कुत्री शिरतात म्हणून आवाराचं दार लावून घेतलेलं होतं. त्या दाराची कडी वाजली.

माझ्या आजोळी दार कोणी वाजवत नसे. आपलं माणूस आलं तर दुरूनच "हायेस का वं गोकुळा?" अशी हाक यायची, आणि उत्तर मिळायच्या आत ते ओसरीवर टेकलेलंही असायचं. कडी वाजवतं ते सरकार. जंगलाचा गार्ड, पटवारी, नाहीतर देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा. वच्छलेच्या केसांत आजीची बोटं तशीच थांबली.

हे चोपन्न सालच्या वैशाखातलं. सिंदेवाहीपासून दोन कोसांवर आमच्या ढिवरांची वस्ती. तलाव आटून गुडघाभर राहिला की गावकी त्याचा दिवस ठरवायची आणि आठवडाभर जाळी पडायची. त्या आठवड्याला लेकी-जावई, नातवंडं सगळी आजा-आजीकडे जमत. आम्ही चांद्याहून छोट्या गाडीनं यायचो, कुंता मावशी पोंभुर्ण्याकडून बैलबंडीनं. माझ्या आजाचं नाव उमाजी. तो वर्षभर मोजून चार शब्द बोलायचा आणि त्या आठवड्यात पाच. बोलायची ती आजी. तिच्या घरात एक रीत होती. पहिल्या दिवशीच्या मासोळीतून प्रत्येक नातवंडाच्या नावाची एकेक मरळ ती बाजूला काढायची, चिरून मीठ लावून छपरावर वाळवायची आणि निघताना पळसाच्या पानात बांधून हातात द्यायची. गाठ जाळ्याच्या गाठीसारखी, ओढली की आणखी घट्ट होणारी. "आपल्या नावाची मासोळी आपूनच खायची. दुसऱ्याले देली का तलाव रुसते," म्हणायची.

वच्छला कुंता मावशीची. पाच वर्षांची, किडकिडीत, मोठ्या डोळ्यांची. तिच्या आधीचा मुलगा देवीनं नेलेला. म्हणून मावशी आल्या आल्या आजीला बजावून गेली होती, "माय, टोचणारा आला तं वच्छलीले सगळ्यांच्या पयले पुढं कर. इसरू नको."

"हो वं. कितीक खेप सांगशीन? म्या का बहिरी हावो?"

पण आजीचं मन निराळंच होतं. देवी काढणं हा शब्दच तिला सहन व्हायचा नाही. "देवीले कोणी काढते का? ते काय भाडोत्री हाय? आपल्या मनानं येते, आपल्या मनानं जाते. घरातून काढली तं दुप्पट रागानं येते." हे ती नुसतं ऐकून बोलत नव्हती. तिचा पहिला मुलगा कोलू तीन वर्षांचा असताना गावात कोणी टोचायला आलं होतं. कोलूचा दंड पिकला, ताप चढला, आठव्या दिवशी तो गेला. आजी तेव्हा सतरा वर्षांची होती. कोलूचं नाव ती कधी घेत नसे. पण लहान मुलाचा उघडा दंड दिसला की हातानं झाकायची, थंडी असो की वैशाख.

कडी दुसऱ्यांदा वाजली. "गोकुळाबाई, मी हाय, मुश्ताक."

आजीनं वच्छलेला उचललं आणि आत नेलं. माजघरात धान साठवायची ढोली होती, बांबूच्या तट्ट्याची, शेणामातीनं लिपलेली, माझ्या डोक्यापेक्षा उंच. वैशाखात तिच्या तळाशी चार पायल्या धान उरलेलं असायचं. आजीनं पोरीला वरून आत सोडलं आणि तोंडावर सूप ठेवलं. आतून वच्छलेचं हसू ऐकू आलं. तिला तो लपंडाव वाटला. "हासू नको," आजी म्हणाली, "सगळ्यात मोठी मरळ तुले देतो." मग वळली, तर दारात मी उभी. मी आठ वर्षांची होते, पोरांत सगळ्यात मोठी.

"तू काई पाह्यलं?"

"नाई," मी म्हणाले.

"मंग ठीक."

देवी काढणारे मुश्ताकभाऊ दरवर्षी यायचे. खांद्याला चामड्याची पेटी, हातात काळी छत्री, सायकल चिंचेला टेकवलेली. कामाआधी आमच्याकडे वाटीभर आंबील प्यायचे आणि आजीला चिडवायचे, "तुमच्या देवीले सांगा बाई, मुश्ताक चोरी कराले नाई आला."

"सांगतो ना. पन ते तुमचं ऐकन का?"

"पोरं किती या साली?"

"सात," आजी म्हणाली.

त्यांनी सात लिहून घेतले. सातही जणांच्या दंडावर लस टोचायची फिरकी फिरवली. आम्ही ओरडलो, एकमेकांना भित्रट म्हणालो, आणि ते पुढच्या घरी गेले.

त्यानंतर आजीनं जे केलं ते मी ढोलीच्या आडून पाहिलं. तिनं वच्छलेला बाहेर काढलं, केसांतला कोंडा झटकला. मग कुंपणाच्या बाभळीचा एक काटा मोडून आणला आणि पोरीच्या दंडावर दोन जागी टोचून खरवडलं, रक्ताचा थेंब येईपर्यंत. वर हळद चोळली. पोरगी रडली नाही. मोठ्या मरळीचं वचन होतं ना!

दुपारी मावशी तलावावरून चिखलानं भरलेली आली आणि पायही न धुता तिनं विचारलं, "टोचली का?"

"हे पाह्य," म्हणून आजीनं दंड दाखवला.

मावशीनं त्या दंडाला हात न लावता वाकून पाहिलं आणि तिथंच, चिखलाच्या पायांनी, ओसरीवर बसली. इतकं निवांत बसलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आजी आंबील ओतायला आत गेली.

त्याच वर्षी माघात पोंभुर्ण्याच्या बाजूला देवीची साथ आली. घरोघर टोचायला माणसं फिरली. मावशीच्या दारातही आली. मावशीनं वच्छलेचा दंड पुढं केला: हिला टोचून झालं आहे, आजोळीच झालं आहे. दोन खुणा होत्या, माणसं घाईत होती, पुढं गेली. पंधरा दिवसांनी वच्छलेला ताप आला. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले, घरातलं फोडणी-तळण बंद झालं, मावशी केस न विंचरता एकवीस दिवस पोरीच्या उशाशी बसली. देवी पोरीला ठेवून गेली. डोळे घेऊन गेली.

चांद्याला आमच्याकडे कार्ड आलं तेव्हा आईनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "टोचून सुद्धा?" मी तिथंच बसले होते. पाटीवर पाढे लिहीत होते. लिहीत राहिले.

पंचावन्नच्या वैशाखात तलावाचा दिवस ठरला, तेव्हा मावशी यायची नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. पण ती आली. कुशीत दोन महिन्यांचा नानाजी, आणि पदराला धरून वच्छला. वच्छलेचा चेहरा चाळणीसारखा झाला होता. आजी बंडीपाशी गेली, पोरीच्या तोंडावरून तिनं हात फिरवला आणि तो हात तिला मागं घेता येईना.

"कोण हाय?" वच्छलेनं विचारलं.

"तुही आजी हाय वं, बाई."

"माझी मरळ ठेवली?"

त्या वर्षी जाळी पडली, मासोळी निघाली, पण जेवताना भांड्यांचाच आवाज यायचा. आजा तलावावरच झोपायला लागला. मावशी मात्र आजीशी पूर्वीपेक्षा मऊ वागत होती, आणि तेच पाहवत नव्हतं. ती आजीचे पाय चेपायची. एकदा म्हणाली, "माय, तू खरं सांगत होती. देवीले काढाले गेलो, तं ते दुप्पट रागानं आली. म्या तुहं ऐकाले पायजे होतं." आजीनं पाय ओढून घेतले. "झोप आली मले," म्हणाली. भर दुपारी.

चौथ्या दिवशी कडी वाजली.

या वेळी घरात मावशी होती, माझी आई होती. मुश्ताकभाऊ आत आले, वच्छलेला पाहिलं आणि हातातली छत्री भिंतीला टेकवायची विसरून तशीच धरून उभे राहिले.

"या सरकार," मावशी म्हणाली. "एकीचे डोळे नेले. आता याचे न्याले आले का?"

"बाई, टोचल्यावर असं होत नाई सहसा. दंड दाखवा बरं पोरीचा."

"दंड पाहून डोळे येतीन का? माझ्या लेकराले हात लावाचा नाई. सांगून ठेवतो."

तिनं नानाजीला छातीशी धरलं आणि सरळ माजघरात गेली. आम्ही सगळी मागोमाग. मावशी ढोलीपाशी थांबली, टाचा उंचावून तिनं आत वाकून पाहिलं आणि हात मागं केला.

"माय, सूप दे."

सूप आजीच्या हातातच होतं. ती तांदूळ पाखडत होती. तिनं तांदूळ जमिनीवर ओतले, मोकळं सूप हातात धरलं आणि दिलं नाही.

"दे ना वं!"

"त्याले इथी नको ठेवू, कुंते."

"काऊन?"

"वच्छलीले याच ढोलीत ठेवली होती."

मावशीला कळलं नाही. ती तशीच हात पुढं करून उभी होती. आजी बोलत गेली, जाळ्याची दोरी सोडावी तशी, एका लयीत, मान खाली घालून. "तिले टोचलीच नाई त्या साली. मुश्ताकभाऊले म्या सात पोरं सांगतली, व्हती आठ. मंग बाभळीचा काटा मारला म्या तिच्या दंडावर. तुले दाखवाले. कोलूसारखं होईन म्हून. याले घेऊन जाय त्याच्यापाशी. बाकीच्या सातांले काई झालं का, पाह्य. त्यायले काई झालं नाई."

मुश्ताकभाऊ दारात आले होते, त्यांनी मान फिरवली. मला वाटलं, मावशी आता किंचाळेल, आजीच्या अंगावर जाईल. त्यातलं तिनं काही केलं नाही. ती वळली, ओसरीवर जाऊन बसली, नानाजीचा दंड उघडा केला आणि स्वतःच्या दोन्ही हातांनी घट्ट धरला. "काढा," म्हणाली. फिरकी फिरली, नानाजी रडला. त्याचं रडणं थांबेपर्यंत ती त्या दंडाकडे पाहत होती.

मग तिनं गाठोडं बांधलं. बंडी तीन दिवसांनी यायची होती. ती थांबली नाही. बाराचं ऊन. आईनं पाणी पुढं केलं, ते घेतलं नाही. दारातून निघताना वच्छला म्हणाली, "माय, माझी मरळ?"

"राहू दे इथीच."

आजा संध्याकाळी तलावावरून आला. त्याला कोणी काय सांगितलं मला माहीत नाही. त्यानं कुऱ्हाड घेतली, ढोली फोडली आणि तट्टे गोळा करून तलावाच्या काठावर नेऊन जाळले. पुढं तीन वर्षांनी तो वारला, तोवर आजीशी त्याचं बोलणं "वाढ" आणि "पुरे" एवढ्यावर चालत होतं.

तो आठवडा नंतरही भरत राहिला, पण दरसाल एक घर कमी व्हायचं. कोणाची शाळा, कोणाचं लग्न, अशी कारणं असत. मुश्ताकभाऊ येत; आता आजी स्वतः आठ कोसांवरच्या नातलगांची पोरं धरून त्यांच्यापुढं आणायची, शिव्या खायची, पण आणायची. पहिल्या दिवशीच्या मासोळीतून वच्छलेच्या नावाची मरळ, सगळ्यांत मोठी, तिनं एकदाही चुकवली नाही. वाळवून, पळसाच्या पानात बांधून, बाजाराला जाणाऱ्या माणसाच्या हाती ती पोंभुर्ण्याला पाठवायची. महिन्याभरात तोच पुडा परत यायचा. गाठ तशीच, ओढून घट्ट झालेली, कोणी सोडून पाहिलेलीही नाही. आजी तो हातात घेऊन जरा वेळ बसायची. खायची नाही, कोणाला द्यायचीही नाही. नाव दुसऱ्याचं होतं. तलावावर जाऊन पाण्यात सोडून यायची.

एकोणसाठच्या वैशाखात आजोळी फक्त आई आणि मी गेलो. मी तेरा वर्षांची झाले होते, चांद्याच्या शाळेत जात होते. आजी फार वाळली होती. हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकायची. आम्ही निघायच्या आदल्या सकाळी तिनं मरळ बांधून झाल्यावर मला हाक मारली.

"कार्ड आनलं का तुनं?"

मी पिशवीतून कार्ड आणि दौत काढली. तिनं मला ओसरीवर बसवलं, उवा काढायला पोरींना बसवायची त्याच जागी, आणि स्वतः समोर बसली. मी पत्ता लिहिला. वर 'चिरंजीव कुंता हिस आशीर्वाद' असं घालायला गेले.

"ते नको लिवू," आजी म्हणाली. "आशीर्वाद देणारी मी कोन?"

"मग काय लिहू? तुझी तब्येत लिहू? आजा गेल्याचं लिहू?"

"नाई."

"माफी मागते, असं लिहू?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. ढोलीपाशी 'तू काई पाह्यलं?' विचारताना पाहिलं होतं, त्याच नजरेनं. "तशी मागून भेटते का ते? नको. मी सांगतो तेवढंच लिव, आपल्या मनाचं नको घालू."

मी टाक बुडवला.

"कुंते, या साली मासोळी परत पाठवू नको."